छोट्या कॅबिनेटमध्ये बिनपंख्याचा प्रोसेसर: हीटसिंक कुठला घ्यावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बेळगावला शहापुरात यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस आहे. मशीनमध्ये एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, मिनी-आयटीएक्स हा लहान आकाराचा बोर्ड, छोटं कॅबिनेट. प्रोसेसरवर ७० मिलिमीटरपेक्षा उंच काही मावत नाही. सोबत आलेल्या कूलरचा पंखा सुताच्या तंतूंनी सारखा भरतो, मग आवाज, मग गरम होऊन मशीन बंद. म्हणून पंख्याची कटकटच नको असं ठरवून ९५ मिलिमीटर चौरस, जेमतेम ७० उंच असा बिनपंख्याचा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, बघून ठेवलाय. ‘४७ वॅटपर्यंत’ असं खोक्यावर लिहिलंय. तो घ्यावा, की उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या फाउंड्रीतून अॅल्युमिनियमचा दणकट हीटसिंक ओतून घ्यावा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या कॅबिनेटमध्ये दोन्ही करू नका. प्रोसेसरची वॅटची मर्यादा बायोसमधून, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमधून, खाली आणा, आणि खर्चाची तयारी असेल तर ज्याच्या बाजूच्या भिंतीच हीटसिंक आहेत असं कॅबिनेट घ्या. छोट्या खोक्यात बिनपंख्याचं काम करताना हीटसिंक सगळ्यात शेवटी निवडायचा असतो. आधी वॅट, मग कॅबिनेट, मग तो. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात आणि मग एप्रिलमध्ये फोन करतात.

वॅटपासून सुरू करू. ५६००जीवर ६५ वॅट टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा, लिहिलेला असतो. पण एएम४ या त्याच्या सॉकेटच्या बोर्डवर हा प्रोसेसर जोरात चालला की त्याला ८८ वॅटपर्यंत ओढायची परवानगी असते. इंटेलकडेही तीच गत: आय५-१२४०० वर मूळ आकडा ६५, टर्बोमध्ये ११७. म्हणजे खोक्यावरचा टीडीपी आणि हीटसिंकवरचा ‘४७ वॅट’ हे आकडे समोरासमोर ठेवून जमाखर्च होत नाही. त्यात ते ४७ वॅट कुठल्या परिस्थितीतले? बहुधा भोवती मोकळी हवा आहे, कॅबिनेटचा एखादा पंखा थोडी हवा हलवतोय, खोली २५ अंशांची आहे, असं धरलेलं असतं. तुमच्याकडे यातलं काही नाही.

आता हिशेब करू. तो बरोब्बर नसेल, पण निर्णय घ्यायला पुरेसा आहे. ५६००जीची कमाल मर्यादा ९५ अंश. दहा अंश हाताशी ठेवून ८५ धरू. बेळगावची हवा चांगली म्हणून आपण मिरवतो, पण पत्र्याच्या शेडला चिकटलेल्या खोलीत एप्रिलच्या दुपारी ४० धरूनच चाला. उरले ४५ अंश. चिपपासून हीटसिंकच्या बुडापर्यंत, म्हणजे वरचं झाकण आणि पेस्ट धरून, दर वॅटला साधारण ०.३ अंश जातात. प्रोसेसर ३५ वॅटवर बांधून ठेवला तर तिथे दहा गेले. बंद कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा सात-आठ अंशांनी तरी गरम असते, तेही वजा करा. हाती राहिले २७ अंश. एवढ्या फरकात हीटसिंकने ३५ वॅट हवेत सोडायला हवेत.

पंखा नसताना एक चौरस मीटर पृष्ठभाग दर अंशाला सरासरी ५ ते १० वॅट सोडतो. मी ७ धरतो, त्यात उत्सर्जनाने जाणारी उष्णताही आली. ३५ भागिले (७ गुणिले २७), म्हणजे सुमारे ०.१८५ चौरस मीटर. १,८५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग हवा. तुमच्या पसंतीच्या हीटसिंकमध्ये ९५ मिलिमीटर रुंदीत सात-सात मिलिमीटरवर तेरा पाती बसतील, प्रत्येकाची उंची साडेपाच सेंटिमीटर. दोन्ही बाजू धरून जेमतेम १,३५० चौरस सेंटिमीटर होतात. म्हणजे ३५ वॅटलाही तो कमी पडतो, ८८ तर विसराच. ८८ वॅटला चिप ते बूड एवढ्यातच २६ अंश खर्च होतात आणि आतली हवा आणखी तापते. मग हीटसिंकच्या वाट्याला काहीच उरत नाही.

हा हीटसिंक वाईट आहे असं मी म्हणत नाही. उघड्या टेबलावर, २५ अंशांत तो छान चालेल. यूट्यूबवरचे व्हिडिओ तसेच केलेले असतात.

‘मग पाती जास्त घातली तर?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. पंख्यासाठी बनवलेल्या कूलरमध्ये पात्यांमधली फट दीड-दोन मिलिमीटरची असते, कारण पंखा तिथून हवा रेटतो. पंखा काढला की हवेला स्वतःच्या हलकेपणावर वर चढायचं असतं, आणि पात्याला चिकटून तिचा एक संथ थर तयार होतो. दोन पात्यांचे थर एकमेकांत मिसळले की मधली हवा जवळपास थांबते. मग कागदावर पृष्ठभाग कितीही असो, तो कामाला येत नाही. बिनपंख्यासाठी ६ ते १० मिलिमीटर फट हवी. तुमच्या बाबतीत मी ८ च्या खाली जाणारच नाही, कारण अरुंद फटीत सुताचे तंतू अडकतात आणि एकदा अडकले की त्यांची जाळी होते. रुंद फटीतून साधा रंगाचा ब्रश फिरवला तरी साफ होतं. साध्या कूलरचा नुसता पंखा काढून तो ‘पॅसिव्ह’ म्हणून वापरणारे इथेच फसतात.

पात्यांची दिशाही बघा. बोर्ड उभा असेल तर पाती जमिनीला काटकोनात, खालून वर जाणारी हवीत. आडवी आली तर हवा पहिल्या पात्याखालीच अडते. बोर्ड आडवा आणि पाती वर तोंड करून असतील तर चालतं, पण वरच्या झाकणाला भोकं हवीत आणि हवा आत यायला खालूनही वाट हवी. वर-खाली दोन्हीकडे वाट असेल तर गुऱ्हाळाच्या धुराड्यासारखी ओढ तयार होते. नुसती वर भोकं पाडून खाली बंद ठेवलं तर काही होत नाही. कॅबिनेट रबरी पायांवर दोन सेंटिमीटर उचललेलं असावं.

मोठा हीटसिंक मावला असता तर काय, तेही सांगतो. नॉक्टुआचा एनएच-पी१ हा २०२१मध्ये आलेला हीटसिंक खास बिनपंख्यासाठीच केलेला आहे: सहा हीटपाइप, म्हणजे उष्णता दूर वाहून नेणाऱ्या नळ्या, आणि रुंद फटी. पण उंची १५८ मिलिमीटर आणि वजन जवळपास १.२ किलो. तुमच्याकडे मावते त्याच्या दुपटीहून जास्त उंची. मावलं असतं तरी उभ्या बोर्डला एवढं वजन टांगून मशीन निपाणीला टेम्पोने पाठवायचं धाडस मी करणार नाही.

म्हणून मुद्दा कॅबिनेटवर येतो. आत कुठलाही हीटसिंक बसवला तरी तो उष्णता आतल्याच हवेत सोडणार, आणि ती हवा बाहेर काढायला भोकं लागणार. भोकं आली की तंतू आले. याच्या उलट जिथे प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, त्यातून हीटपाइप, आणि ते थेट बाजूच्या जाड पात्यांच्या भिंतीला कसलेले, अशी रचना असते तिथे उष्णता थेट खोलीच्या हवेत जाते. आतल्या गरम हवेचे ते सात-आठ अंश वाचतात. भिंती २५ सेंटिमीटर लांब, १० उंच, पाती अडीच सेंटिमीटर बाहेर आलेली आणि एकेका सेंटिमीटरवर असतील तर दोन्ही बाजू मिळून जवळपास ३,००० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. त्याच २७ अंशांच्या फरकात तो पन्नास-पंचावन्न वॅट सोडेल. हीटपाइपच्या जोडांवर थोडे अंश जातात, ते वाचलेल्या अंशांतून भागतात. म्हणजे ३५ वॅट आरामात, ४५सुद्धा चालून जातील. स्ट्रीमकॉमचं एफसी८, एचडीप्लेक्सची कॅबिनेटं या पद्धतीची आहेत. अकासाही अशी बॉडी करते, पण त्यांची बरीचशी एनयूसी या मूळच्या इंटेलच्या छोट्या पीसीच्या बोर्डसाठी असतात, ती तुमच्या कामाची नाहीत. ही कॅबिनेटं स्वस्त नाहीत आणि आपल्याकडे दुकानात मांडलेली सापडत नाहीत, मागवावी लागतात. मागवताना एएम४ची फिटिंग सोबत आहे का, आणि हीटपाइप तुमच्या बोर्डवरच्या सॉकेटच्या जागेपासून भिंतीपर्यंत पोहोचतात का, एवढं विचारून घ्या. मिनी-आयटीएक्स बोर्डवर सॉकेटची जागा कंपनीगणिक थोडी सरकते.

आता ओतकामाचं. उद्यमबागेत काय वाट्टेल ते होतं हा आपला अभिमान रास्तच आहे, पण या कामाला ओतकाम चुकीचं. ओतायला जे अॅल्युमिनियम वापरतात त्यात सिलिकॉन आणि इतर धातू असतात, आणि त्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद एक्स्ट्रुजनच्या, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या सेक्शनच्या, ६०६३ अॅल्युमिनियमच्या निम्म्यावर येते. वॅट दर मीटर दर अंश या मापात ६०६३ची सुमारे २००, डायकास्टिंगच्या नेहमीच्या मिश्रधातूची शंभरच्या आसपास, तांब्याची ४००च्या जवळ. शिवाय वाळूच्या साच्यात दोन मिलिमीटर जाडीची, सहा सेंटिमीटर उंच पाती नीट उतरत नाहीत. जाड करावी लागतात, मग संख्या घटते. वजन भरपूर, पृष्ठभाग कमी. जड हीटसिंक तापायला वेळ लावतो एवढंच. पहिला अर्धा तास सगळे खूश असतात. कुणीतरी हिंडाल्को आपल्याच गावात आहे म्हणून सुचवेल. तिथे अॅल्युमिना होतो, म्हणजे पांढरी पूड, हीटसिंकचे सेक्शन नव्हेत.

उद्यमबागेचा उपयोग मात्र करता येईल. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) आणि इन्व्हर्टरवाले वापरतात ते रुंद पात्यांचे एक्स्ट्रुड केलेले हीटसिंक लांबीवर कापून मिळतात. तसा तुकडा आणायचा, बूड मिलिंग करून सपाट करायचं, मधे तांब्याची पट्टी बसवायची आणि भोकं मारायची. एएम४ची भोकं ५४ बाय ९० मिलिमीटरवर असतात. बोर्डामागच्या मूळ बॅकप्लेटचे आटे यूएनसी ६-३२ असतात. फिटर सवयीने एम३.५चा स्क्रू घालायला जाईल, तो घालू देऊ नका. बूड सपाट आहे का ते मार्किंग ब्ल्यू लावून बघा, हे टूलरूमच्या माणसाला सांगायला नको. स्क्रूखाली स्प्रिंग हवी आणि चारही स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळायचे. काळं अॅनोडायझिंग करून घेतलंत तर उत्तम, कारण कोरं चकाकतं अॅल्युमिनियम उत्सर्जनाने फारच कमी उष्णता सोडतं. प्रोसेसरला टेकणारी जागा मात्र कोरीच ठेवायची. हे सगळं तेव्हाच, जेव्हा तो तुकडा कॅबिनेटच्या बाहेर, भिंत म्हणून बसवायची तयारी असेल. आत बसवणार असाल तर वरचाच हिशेब परत लागू.

वॅट कमी करायला काहीच खर्च नाही, म्हणून आजच करा. बोर्डप्रमाणे बायोसमध्ये ते ईको मोड, सीटीडीपी किंवा पॅकेज पॉवर लिमिट अशा नावांनी असतं. ईको मोडमध्ये ‘४५ वॅट’ निवडलं तरी प्रत्यक्ष ओढ ६०च्या आसपास जाते, हे लक्षात असू द्या. पॅकेज पॉवर लिमिट सरळ आकड्यात भरता येत असेल तर ३५ भरा. टॅली, जीएसटीची बिलं, ब्राउझर, व्हॉट्सअॅप यात फरक जाणवणार नाही, कारण ही कामं प्रोसेसरला क्षणभर उठवतात आणि सोडून देतात. साडीच्या डिझाइनची मोठी फाइल एक्स्पोर्ट करताना मात्र थांबावं लागेल. दिवसातून एकदा होत असेल तर चहा प्या. तासातासाला होत असेल तर माझा सगळा सल्ला बदलतो, आणि बिनपंख्याचा नाद सोडा असं सांगेन.

नवीन मशीनच घ्यायचं असतं तर मी ५६००जीकडे वळलोच नसतो. नुसत्या बिलिंगला २०२३मध्ये आलेला इंटेल एन१०० पुरतो, टीडीपी फक्त ६ वॅट. बोर्डवाले मर्यादा वाढवून देतात, तरी तो आवाक्यात राहतो. अॅसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स बोर्ड हीटसिंकसकटच येतो आणि १९ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत मला असंच यंत्र बरं वाटतं, कारण तंबाखूची भुकटी चिकट असते आणि पंख्याच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसते. उद्यमबागेत फाउंड्रीच्या आवारात तर भोकं नसलेलं कॅबिनेटच हवं. तिथल्या काळ्या धुळीत लोखंड आणि कार्बन असतो, ती वीज वाहते, म्हणजे प्रश्न गरमीपुरता राहत नाही, बोर्ड शॉर्ट होतो. सुताचे तंतू त्यामानाने सभ्य.

पंखा काढल्यावर प्रोसेसरशिवाय आणखी कोण उपाशी राहतं हे कुणी सांगत नाही. तुमचा मूळ कूलर खाली फुंकणारा आहे. तो प्रोसेसरबरोबर शेजारच्या व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला, फुकटात हवा देत होता. आता ती बंद होणार. ३५ वॅटवर बहुतेक बोर्ड निभावतात, तरी व्हीआरएमवर हीटसिंक नसेल तर थर्मल पॅडने छोटे तुकडे चिकटवा. एनव्हीएमई एसएसडी बोर्डाच्या पाठीमागे असेल तर तिच्या आणि कॅबिनेटच्या तळाच्या मधे जाड पॅड घाला, तळच तिचा हीटसिंक होईल. सीसीटीव्हीची हार्डडिस्क या खोक्यात ठेवू नका. ती स्वतः तापते आणि जास्त उष्णता तिला मानवत नाही. एसएमपीएसचंही, म्हणजे पॉवर सप्लायचंही, तेच. तुमच्या कॅबिनेटमधल्या छोट्या एसएमपीएसला पंखा आहे, तो तंतू ओढत राहिला तर प्रोसेसरचा पंखा काढून काय मिळवलं? १२ व्होल्ट, १० अँपियरचा चांगला अॅडॅप्टर बाहेर ठेवा आणि आत त्या १२ व्होल्टमधून बोर्डला लागणारे व्होल्ट काढून देणारी डीसी-डीसी पट्टी बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तेव्हा एवढं पुरतं. अॅडॅप्टर यूपीएसवरच असू द्या.

बसवून झालं की तपासणी घाईने करू नका. पंख्याच्या मशीनचं तापमान पाच मिनिटांत स्थिरावतं, बिनपंख्याचं तास-दोन तास चढतच राहतं, कारण सगळी बॉडी तापायची असते. कॅबिनेट पूर्ण बंद, खोलीचा पंखा बंद, प्रोसेसरला पूर्ण राबवणारं सिनेबेंच किंवा प्राइम९५ लावून दोन तास सोडा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसर, व्हीआरएम, एसएसडी तिन्ही बघा. नुसतं तापमान बघू नका, क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेगही बघा. तापमान ९५ला चिकटलंय आणि क्लॉक घसरतोय म्हणजे हीटसिंक हरलाय. हे काम डिसेंबरमध्ये करत असाल तर खोली किती अंशांवर आहे ते लिहून ठेवा. खोली २५ असताना प्रोसेसर ६८ दाखवत असेल तर खोली ४० झाल्यावर ८३च्या आसपास जाईल, एवढा सरळ हिशेब धरायला हरकत नाही. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, म्हणून थंड कमी होईल का, असंही एकाने मला विचारलं होतं. तत्त्वतः होतं, पण त्याची काळजी करू नका. पत्र्याच्या छपराची करा.

भिंतीचं कॅबिनेट बजेटमध्ये बसत नसेल तर एक साधा मार्ग आहे, आणि मी तो अनेकांना आधी सुचवतो. मशीन शेडला लागून असलेल्या खोलीत ठेवलंच पाहिजे असं आहे का? मधल्या भिंतीला भोक पाडून सीपीयू पलीकडच्या स्वच्छ खोलीत ठेवा आणि टेबलावर फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माउस. फुल एचडीला दहा मीटरची चांगली एचडीएमआय केबल चालते, यूएसबीला अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन लागेल. मग तुमचा आहे तोच कूलर, आहे तेच कॅबिनेट. पंखा राहील, पण तंतू पोहोचणार नाहीत. साफसफाई करताना शेजारच्या वर्कशॉपमधला कंप्रेसर मात्र लावू नका, त्याच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं. ब्लोअर वापरा, आणि फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

बोर्डचं मॉडेल आणि पलीकडची खोली कशी आहे ते कळवा, म्हणजे पॉवर लिमिट कुठल्या मेनूत सापडेल आणि केबल किती लांबीची घ्यायची ते नेमकं सांगता येईल.